दूध पुरतंय की नाही, हे लंगोटाला विचार

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. पहिलं बाळंतपण. डोंबिवलीहून मालवण तालुक्यात माहेरी आलीस, साधी प्रसूती झाली, मुलगी आज ११ दिवसांची. पहिल्या आठवड्यात दगडासारखे झालेले स्तन आता मऊ पडलेत. संध्याकाळी सहा ते दहा बाळ सारखं अंगावर मागतं, काढलं की रडतं. पंप लावून बघितलास तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम २० मिली निघालं. आजी म्हणते, "पोराक दूध पुरना नाय." शेजारच्या काकूंनी पावडरचा डबा आणून दिला, काल रात्री एकदा बाटलीने दिलंतही, आणि बाळ चार तास गाढ झोपलं. म्हणजे ते इतके दिवस उपाशीच होतं, असं सगळ्या घराने ठरवून टाकलं. तू रात्रभर रडलीस. वजनं मात्र लिहिलीस ते फार बरं केलंस: जन्माचं २ किलो ८००, पाचव्या दिवशी २ किलो ५९०, आज २ किलो ७६०.

मी २८ वर्षं याच जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून काढली, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या उशाशी बसून. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या बाळाला दूध पुरतंय. मन राखायला म्हणत नाही, तूच दिलेल्या आकड्यांवरून म्हणते. पहिल्या चार-पाच दिवसांत जवळजवळ प्रत्येक बाळाचं वजन उतरतं. अंगातलं जादा पाणी जातं, काळी शी पडून जाते आणि आईचं दूध तेव्हा चिकाच्या रूपात, चमचा-दोन चमचेच असतं. ७ टक्क्यांपर्यंतची घट नेहमीची. त्यापुढे गेली की पाजणं नीट बघायचं, १० टक्क्यांपुढे गेली की डॉक्टर गाठायचा. तुझं बाळ २१० ग्रॅम उतरलं, म्हणजे साडेसात टक्के. तेव्हा कुणीतरी तुझ्याजवळ बसून पाजणं बघायला हवं होतं, पण घाबरण्यासारखं ते नव्हतं. आणि पुढच्या सहा दिवसांत ते १७० ग्रॅम चढलं. दिवसाला २८ ग्रॅम. या वयाच्या बाळाने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढावं अशी आपली अपेक्षा असते. १४ दिवसांपर्यंत जन्माचं वजन परत यावं लागतं, तुला ४० ग्रॅम उरलेत. हे सगळं कालच्या एका बाटलीने झालेलं नाही, तुझ्या दुधाने झालंय.

मग बाकीच्या खुणांचं काय? चौथ्या दिवशी स्तन ताठरतात तेव्हा आत सगळं दूधच भरलेलं नसतं. रक्त वाढलेलं असतं, सूज असते. ती ओसरली की स्तन मऊ होतात, आणि शरीर हळूहळू बाळ जेवढं पितं तेवढं बनवायला शिकतं. दूध आटलं म्हणून ते मऊ पडत नाहीत.

पंपाचं तर विचारूच नकोस. या पंपांनी गेल्या काही वर्षांत जेवढ्या आया रडवल्यात तेवढ्या सासवांनी रडवल्या नसतील. बाळ पिऊन झाल्यावर तासाभराने पंप लावला तर २०-३० मिली निघणं अगदी रोजचं आहे. शिवाय पंपाकडे बघून पान्हा फुटत नाही, बाळाच्या स्पर्शाने, वासाने, रडण्याने फुटतो. काही जणींना दूध भरपूर असतं, पण पंपाने थेंबही येत नाही. पंपात किती आलं त्यावरून स्तनात किती आहे हे कळत नाही.

संध्याकाळचं सांगते. बहुतेक बाळं दिवसातल्या कुठल्या तरी चार तासांत, बहुतेक वेळा दिवेलागणीनंतर, लागोपाठ पितात. दहा मिनिटं प्यायचं, डुलकी काढायची, पुन्हा मागायचं. दूध संपलं म्हणून ती रडत नाहीत. थोडं-थोडं बरेचदा घेऊन ती रात्रीच्या झोपेची बेगमी करतात, आणि उद्यासाठी दुधाची मागणीही नोंदवून ठेवतात. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास हे दोन-तीन दिवस आणखी वाढेल, तेव्हा पुन्हा डबा शोधू नकोस. आपल्याकडे संध्याकाळी घरही गजबजलेलं असतं. कामावरून माणसं येतात, बाळ बघायला शेजारी येतात, वीज जाते, उकाडा होतो. मुलीला घेऊन आतल्या खोलीत जा आणि तिच्या-तुझ्या अंगावरचे कपडे दूर करून उघड्या छातीवर धर. निम्मं रडणं तिथेच थांबतं.

आणि ती चार तासांची झोप. बाटलीतून दूध आपसूक गळतं, बाळाला ओढावं लागत नाही, त्यामुळे भुकेपेक्षा जास्त जातं. पावडरचं दूध पोटात जड बसतं, जिरायला वेळ लागतो. मोठा माणूसही भरपेट जेवला की लवंडतोच. त्यावरून तो आधी उपाशी होता, असं कुणी म्हणत नाही.

त्या चार तासांत दुसरीकडे काय झालं ते घरात कुणाच्या लक्षात आलं नसेल. तुझे स्तन भरून राहिले. दूध आत साचून राहिलं की दुधातलाच एक घटक नवं दूध बनणं मंद करतो. आपल्याकडच्या विहिरीसारखं आहे हे, उपसा असेल तर पाझर सुरू राहतो. रात्रीच्या वेळी दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, सगळ्यात जास्त असतं, आणि नेमकी तीच पाळी बाटलीने चुकवली. आज एक बाटली, परवा दोन, आठवड्याने चार. मग तिसऱ्या आठवड्यात दूध खरोखरच कमी होतं आणि आजी म्हणते, "बघ, मी म्हटलेलं ना!" हे चक्र मी इतक्या घरांत बघितलंय, की डबा दिसला की पहिला प्रश्न 'कधी आणला?' हाच विचारते.

आता लंगोटाकडे येऊ, कारण वजनकाटा रोज हाताशी नसतो, लंगोट असतो. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा चांगली शू व्हायला हवी, पांढरट-फिकट, फार वास नसलेली. शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काळ्याची हिरवट आणि मग मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार झाली पाहिजे, दिवसातून तीन-चार वेळा तरी. एवढं दिसत असेल तर वरून जातंय म्हणूनच खालून येतंय.

पण तू जुलैत बाळंत झालीस. आपल्या पावसात दोरीवरचे लंगोट चार दिवस वाळत नाहीत, म्हणून आता सगळे विकतचे डायपर लावतात, आणि तिथेच घोळ होतो. डायपर तीन वेळच्या शूने भरतो तरी वरून कोरडाच वाटतो. मग दिवसाला तीन डायपर बघून घरातले म्हणतात, शू कमी, दूध कमी. यावर उपाय सोपा आहे. एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओत आणि हातात उचलून बघ, चांगल्या शूचं वजन साधारण तेवढं. किंवा दोन दिवस डायपर बाजूला ठेव, जुन्या सुती लुगड्याचे तुकडे वापर आणि चुलीच्या उबेला वाळव. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर शूला एक रेघ मार. दोन दिवसांच्या रेघा तुला माझ्यापेक्षा जास्त धीर देतील.

आता पाजणं. मला तुझ्या शेजारी बसून बघता येत नाही, म्हणून काय बघायचं ते लिहिते. बाळाचं पोट तुझ्या पोटाला, मान वळलेली नको, नाक बोंडासमोर. बोंड तिच्या वरच्या ओठावर हलकेच फिरव आणि थांब. ती जांभई देताना उघडते तेवढं तोंड उघडेल, त्या क्षणी तिला स्तनाकडे आण. आपण वाकून स्तन तिच्या तोंडात कोंबायचा नाही. पाठ दुखणाऱ्या निम्म्या आया इथेच चुकतात. नीट लागली की हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसतो. नुसतं बोंड तोंडात असेल तर तुला दुखेल, चिरा पडतील आणि तिला दूध कमी मिळेल. दुखत असेल तर करंगळी तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून सोडव आणि पुन्हा लाव. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल.

मग बघ तिचा जबडा. सुरुवातीला भरभर, छोटे-छोटे चोखे. मिनिटभरात पान्हा फुटला की चोखणं संथ आणि खोल होतं. तोंड उघडतं, सगळ्यात जास्त उघडल्यावर निमिषभर थांबतं, मग मिटतं. तो जो थांबा आहे ना, तेव्हा तोंडात दूध भरतं. थांबा जितका लांब तितका घोट मोठा. खोली शांत असेल तर 'क्..., क्...' असा बारीक श्वासासारखा आवाज येतो, तोच गिळण्याचा. पंखा बंद करून ऐक. आणि तिची मूठ बघ. प्यायला लागली तेव्हा घट्ट आवळलेली असते. पोट भरत जातं तशी बोटं सुटतात, आणि शेवटी तळवा उघडा पडतो, पुरीसारखा. घोट थांबून नुसती थरथर उरली की स्तन हाताने हलका दाब, पुन्हा दोन-चार घोट निघतील. तेही थांबले की दुसरी बाजू. घड्याळ लावून 'दहा मिनिटं इकडे, दहा तिकडे' करू नकोस. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, मागेल तेव्हा. या दिवसांत चार तास झोपली तर उठवून पाज, निदान जन्माचं वजन परत येईपर्यंत.

इथे माझी एक चूक सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वाडीत सहा दिवसांचं बाळ बघायला गेले. आई म्हणाली, "गुणी आहे हो, रडतच नाही, सारखं झोपतं." काटा त्या दिवशी दुसऱ्या वाडीत होता. बाळ गोरंगोमटं दिसलं, मी न तोलताच "छान चाललंय" म्हणून निघाले. तीन दिवसांनी ते बाळ जीपमधून आणलं तेव्हा वजन १३ टक्के उतरलेलं, पाय पिवळे, लंगोटावर विटकरी डाग. आईचं दूध होतं, पण बाळ ते ओढतच नव्हतं, आणि अशक्त झाल्यामुळे मागतही नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, वाचलं. परवाच कळलं, दहावी झाला. तेव्हापासून मला रडणाऱ्या बाळाची भीती वाटत नाही. दिवसरात्र झोपणाऱ्या, दोन चोखे घेऊन पुन्हा झोपणाऱ्या बाळाची वाटते. तुझी मुलगी रडून, हट्ट करून मागते आहे, ते चांगलं लक्षण आहे.

दूध खरोखर कमी असणाऱ्या बायका असतात का? असतात, थोड्या. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या, थायरॉइड मंदावलेल्या, वारेचा तुकडा आत राहिलेल्या (रक्तस्राव थांबत नाही आणि दूधही उतरत नाही, ही त्याची खूण), स्तनांची शस्त्रक्रिया झालेल्या, काही पीसीओडीवाल्या (अंडाशयाचा विकार, ज्यात पाळी अनियमित होते). गरोदरपणात ज्यांचे स्तन अजिबात वाढले नाहीत अशाही काही. सिझेरियन झालं असेल तर दूध एखादा दिवस उशिरा उतरतं एवढंच. बाळाची जीभ खालून बांधलेली असेल तर दूध असून ओढता येत नाही. गर्भनिरोधक गोळी सुरू करायची तर इस्ट्रोजेनवाली नको, आणि सर्दीसाठी स्यूडोएफेड्रीन असलेली गोळीही नको, दोन्हींनी दूध घटतं. आणखी एक, जे डॉक्टरांसमोर कुणी बोलत नाही: मशेरी. आपल्याकडे कितीतरी जणी गरोदरपणात मळमळ थांबावी म्हणून सुरू करतात आणि मग सुटत नाही. तंबाखूने प्रोलॅक्टिन उतरतं, निकोटीन दुधातून बाळाला जातं, बाळ चिडचिडं होतं. तू लावत असशील असं नाही, पण घरात डबी फिरत असेल तर माहीत असावं.

माझ्या ओळखीतल्या एका बाईचं बाळंतपणात इतकं रक्त गेलं की पाच दिवस दूधच उतरलं नाही, पुढेही अर्धंच आलं. तिने आठ महिने आधी अंगावर आणि मग वरचं, असं दोन्ही दिलं. तिला कुणी कमी समजलं असतं तर मी भांडले असते. पण तिचं बाळ वजनात मागे होतं, तुझं नाही.

आता खाण्यापिण्याचं, कारण तुझ्या आजीचा जीव त्यातच अडकलाय. पहिल्या सहा महिन्यांत बाळंतिणीला रोज साधारण ६०० कॅलरी जादा लागतात, म्हणजे दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि एक लाडू नेहमीपेक्षा जास्त. आळिवाची खीर नारळाच्या रसात, डिंकाचे लाडू, उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, सगळं खा. ते दूध किती वाढवतात याचा पक्का पुरावा नाही, पण तुला लोह, कॅल्शियम, ताकद देतात, आणि कुणीतरी आपल्यासाठी रांधतंय या सुखानेही पान्हा फुटतो. मेथी आणि शतावरीचंही तसंच, फार आशा ठेवू नये. मेथीने काहींना जुलाब होतात, साखर उतरते. दूध वाढवायच्या गोळ्या शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नकोस, त्यांतली एक मन खचवते, दुसरीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

मोरीबद्दल, म्हणजे शार्क माशाबद्दल, विचारलं नाहीस, पण आजी आणायला सांगणारच. मोरीच्या कालवणाने दूध येतं, ही समजूत इतकी जुनी आहे की त्यातल्या एका जातीला इंग्रजीतही 'मिल्क शार्क' म्हणतात. एखाद्या वेळी खाल्लीस तर बिघडणार नाही. पण मोरी दुसरे मासे खाऊन जगते, तिच्यात पारा साठतो, म्हणून बाळंतिणीच्या ताटात रोज नको. त्यापेक्षा तारली, बांगडा, मांदेली बऱ्या.

'बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं' म्हणून पाणी तोडत असतील तर ते मात्र ऐकू नकोस. तहानेला पाणी प्यायचंच, पाजायला बसताना तांब्या हाताशी ठेव. उगाच लोटाभर पाणी प्यायल्याने दूध वाढतही नाही. शेकशेगडीच्या बंद, धुरकट खोलीत आई घामाघूम आणि बाळ तापलेलं, हेही नको. बाळाला सहा महिने पाणी, साखरपाणी, ग्राइप वॉटर, गुटी, मधाचं बोट काहीच नको. मधाने तर वर्षाखालच्या बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. मे महिन्याच्या उकाड्यातही दुधातलं पाणी बाळाला पुरतं.

पावडरचा डबा काकूंना परत कर. कालची एकच बाटली होती, त्यामुळे हळूहळू तोडायचीही गरज नाही. डब्यावर 'आईचं दूध सर्वोत्तम' असं छापलेलं दिसेल, ते १९९२ च्या कायद्याने छापावंच लागतं. आजीला वाचून दाखव. आणि पावसात विहिरीचं पाणी गढूळ, त्यात कालवलेली पावडर, वर नीट न उकळलेली बाटली. जुलै-ऑगस्टमध्ये जुलाब होऊन आलेली तान्ही बाळं मी खूप पाहिली. कधी तुला बाहेर जावं लागलं तर हाताने दूध काढ: अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला धरून आधी छातीकडे दाब, मग पिळ. झाकून ठेव, चार तासांत वाटी-चमच्याने किंवा उकळलेल्या बोंडल्याने पाज.

आशाताई घरी येत असतील. दवाखान्यात बाळंतपण झालेल्यांकडे त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. चौदाव्या दिवशी बाळाला उघडं करून, त्याच काट्यावर तोलायला सांग. २ किलो ८०० किंवा वर दिसलं की घरातली चर्चा तिथेच थांबव. नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखव, आणि पाजताना समोर बसून बघायला सांग.

त्याआधीच पळायचं ते कधी: चोवीस तासांत चारपेक्षा कमी शू, किंवा शू गडद पिवळी, लंगोटावर विटकरी डाग, बाळ उठवूनही पीत नाही, हातपाय सैल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेला, टाळू खोल गेलेली, अंग गरम किंवा गार, श्वास भरभर. यातलं काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. तुला ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल, दुखरा झाला तर त्या बाजूने पाजणं बंद करू नकोस, पण त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि पंधरवडा उलटूनही रडू थांबत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर तेही डॉक्टरला सांगायचं असतं.

आज संध्याकाळी सहा वाजता पेज पिऊन, तांब्या भरून, आतल्या खोलीत दार ओढून बस. आजीला सांग, कुणी बघायला आलं तर ओटीवरच चहा द्यायचा. कॅलेंडर आणि पेन्सिल उशाशी ठेव. चौदाव्या दिवसाचं वजन मला कळव.